जिनिव्हातली निःशस्त्रीकरणाची नोकरी: काम काय, वाट कोणती आणि वर्षं का द्यावीत

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. पुण्यात संरक्षण आणि सामरिक शास्त्रात एम.ए. करताय आणि संयुक्त राष्ट्रांच्या निःशस्त्रीकरण कार्यालयात पोलिटिकल अफेअर्स ऑफिसर, म्हणजे राजकीय अधिकारी, व्हायचं मनात आहे. तर हा अधिकारी दिवसभर नेमकं करतो काय, तिथपर्यंत पोचायचं कसं, आणि १९९६ नंतर एकही करार न घडवलेल्या निःशस्त्रीकरण परिषदेच्या सेवेत उमेदीची वर्षं घालावीत का. मी जिनिव्हात हे काम बरीच वर्षं केलं, आता निवृत्त आहे. तिसरा प्रश्न सगळ्यात मोठा आहे, पण काम कसं चालतं हे कळल्याशिवाय त्याचं उत्तर पटणार नाही. म्हणून आधी काम.

शस्त्रं मोजणं, कारखाने तपासणं, नमुने घेणं हे या पदाचं काम नाही. ते निरीक्षक करतात. रासायनिक अस्त्रांसाठी ते द हेगच्या संघटनेत बसतात, अणुसामग्रीसाठी व्हिएन्नाच्या अणुऊर्जा संस्थेत. राजकीय अधिकाऱ्याचा कच्चा माल म्हणजे सरकारांची बोलणी. ती घडवून आणायची, घडताना नियमात ठेवायची, घडल्यावर त्यांची बिनचूक नोंद करायची आणि पुढच्या वेळी जिथे थांबली होती तिथून सुरू होतील अशी सोय करून ठेवायची.

मी निःशस्त्रीकरण परिषदेपुरतं बोलतो, म्हणजे जिथे देश शस्त्रबंदीच्या करारांची बोलणी करतात त्या मंचापुरतं, कारण तीच मला आतून माहीत आहे. १९७८ साली निःशस्त्रीकरणावर संयुक्त राष्ट्रांच्या महासभेचं खास अधिवेशन झालं, त्यातून १९७९ मध्ये ही परिषद आजच्या रूपात आली. तिचे ६५ सदस्य आहेत. त्याआधी १९६० ची दहा देशांची समिती होती आणि १९६२ पासून अठरा देशांची. त्या अठरांत भारत होता. अण्वस्त्र प्रसारबंदी करार, जैविक अस्त्रबंदी करार, रासायनिक अस्त्रबंदी करार आणि सर्वंकष अणुचाचणीबंदी करार या चारही करारांची बोलणी याच परंपरेत झाली. काटेकोरपणे बोलायचं तर ही परिषद संयुक्त राष्ट्रांचं अंग नाही. तिची नियमावली तिची स्वतःची, विषयपत्रिका ती स्वतः ठरवते. मात्र ती दरवर्षी महासभेला अहवाल देते आणि तिला माणसं, इमारत, दुभाषे संयुक्त राष्ट्रांचे मिळतात. म्हणजे तुमचा पगार एका संस्थेकडून आणि नियमावली दुसऱ्या संस्थेची. रोजच्या कामात हा भेद सतत आडवा येतो, म्हणून पहिल्या आठवड्यातच तो पक्का करून घ्यावा.

परिषदेचे दोन नियम समजले की बाकी सगळं उलगडतं. पहिला, प्रत्येक निर्णय सर्वसहमतीने, अगदी कामकाजाचा साधा निर्णयसुद्धा. दुसरा, अध्यक्षपद इंग्रजी वर्णानुक्रमाने फिरतं आणि प्रत्येकाला कामाचे चार आठवडे मिळतात. अधिवेशन वर्षाला चोवीस आठवड्यांचं, तीन भागांत विभागलेलं, त्यामुळे एका वर्षात सहा अध्यक्ष. २०२४ ची यादी पाहा: भारत, इंडोनेशिया, इराण, इराक, आयर्लंड, इस्राएल. या सहा देशांनी एकमेकांशी सल्लामसलत करून वर्षाचं काम चालवावं अशी अपेक्षा असते. ही नावं कुणी निवडलेली नाहीत, वर्णमालेने ती एका रांगेत आणली. आणि त्या सहाही अध्यक्षांच्या मागे बसणारं सचिवालय, म्हणजे संयुक्त राष्ट्रांचे कर्मचारी, मात्र एकच असतं.

कामाचा गाभा इथेच आहे. छोट्या देशाच्या जिनिव्हातल्या दूतावासात दोन-तीन मुत्सद्दी असतात. तेच मानवाधिकार परिषद सांभाळतात, आरोग्य संघटना सांभाळतात, व्यापार संघटनाही. अध्यक्षपद त्यांच्या वाट्याला दहा-अकरा वर्षांतून एकदा येतं. तोवर आधीच्या अध्यक्षपदाच्या वेळी तिथे असलेला प्रत्येक माणूस बदलून गेलेला असतो. मग अध्यक्षपदाच्या काही महिने आधी ते तुमच्याकडे येतात. त्यांना नियमावली समजावून द्यायची, मागच्या अध्यक्षांनी काय प्रयत्न केले आणि ते कुणाच्या कोणत्या आक्षेपावर अडले हे सांगायचं, कोणते शब्द वापरले की कोणतं शिष्टमंडळ हात वर करणार हे आधी दाखवून द्यायचं. अध्यक्षांनी काय करावं हे तुम्ही ठरवत नाही. त्यांना जे करायचं आहे ते नियमात कसं बसेल आणि त्याचे परिणाम काय होतील, एवढंच सांगता. ही रेषा ओलांडायचा मोह फार होतो, कारण पुष्कळदा तुम्हाला अध्यक्षांपेक्षा जास्त माहिती असते.

बैठकीसाठी अध्यक्षांच्या हातात एक टिपण द्यावं लागतं. सभा सुरू झाल्याची घोषणा, निरोप घेणाऱ्या राजदूतांना शुभेच्छा, वक्त्यांची यादी, मग विषय, मग ‘आक्षेप नसल्यास निर्णय झाला असे मानतो’ हे वाक्य. यातलं प्रत्येक वाक्य शब्दशः लिहिलेलं असतं. खरं कौशल्य मात्र टिपणाच्या दुसऱ्या भागात लागतं. कुणी कामकाजाचा मुद्दा उपस्थित केला तर काय म्हणायचं, कुणी उत्तराचा हक्क, म्हणजे आपल्यावरच्या टीकेला उत्तर द्यायची संधी, मागितला तर तो कधी द्यायचा, कुणी दुसऱ्या देशाच्या नावावरच आक्षेप घेतला तर काय. या सगळ्याचा विचार आदल्या रात्री झालेला असावा लागतो, कारण सभागृहात विचाराला मिनिटभरही मिळत नाही. तुम्ही अध्यक्षांच्या मंचावर किंवा लगेच मागे बसता, एका कानात दुभाष्याचा आवाज, समोर वक्त्यांची बदलती यादी, आणि गरज पडली की दोन ओळींची चिठ्ठी पुढे सरकवता. चिठ्ठीवरचं वाक्य असं असावं लागतं की अध्यक्षांनी ते तसंच वाचलं तरी चालेल.

वेळही तुमच्या हातात नसते. सकाळची बैठक दहा ते एक, दुपारची तीन ते सहा. सहा अधिकृत भाषांचे दुभाषे ठरलेल्या वेळी उठतात आणि दुभाष्यांशिवाय अधिकृत बैठक पुढे चालत नाही. बारा पन्नासला एखादं शिष्टमंडळ मसुद्यातल्या एका शब्दावर अडलं असेल, तर उरलेल्या दहा मिनिटांत अध्यक्षांनी बैठक तहकूब करावी की मत आजमावावं, याचा सल्ला तुम्हाला द्यावा लागतो. अशा क्षणी समोरच्या राजदूताचा खरा आक्षेप मजकुरावर आहे की राजधानीतून सूचना आलेल्या नाहीत म्हणून तो वेळ काढतोय, हे ओळखता आलं पाहिजे. ते पुस्तकात सापडत नाही. त्यासाठी त्या माणसांबरोबर कॉफी प्यावी लागते, त्यांच्या मुलांच्या शाळांची चौकशी करावी लागते, आणि मुख्य म्हणजे त्यांनी सांगितलेली गोष्ट दुसऱ्याला न सांगता वर्षानुवर्षं पोटात ठेवावी लागते.

संध्याकाळी न्यूयॉर्कच्या मुख्यालयाला अहवाल जातो. नवीन माणूस इथे कोण काय बोललं याची जंत्री लिहितो. ती कुणाला नको असते, शब्दशः इतिवृत्त पुढे छापलं जाणारच असतं. हवं असतं ते हे: आज काय बदललं. उदाहरण देतो. अण्वस्त्रांसाठी लागणाऱ्या विखंडनक्षम पदार्थांचं (युरेनियम, प्लुटोनियम) उत्पादन थांबवणारा करार करावा, यासाठी कॅनडाचे राजदूत जेराल्ड शॅनन यांनी मार्च १९९५ मध्ये बोलणी कशावर करायची हे ठरवणारं एक आदेशपत्र मांडलं आणि परिषदेने ते स्वीकारलं. फक्त पुढचं उत्पादन बंद करायचं की आधीचे साठेही हिशेबात धरायचे, हा वाद त्यात मुद्दाम खुला ठेवला होता. पाकिस्तानचं म्हणणं साठे धरल्याशिवाय करार असमान होईल. इतर अनेकांचं म्हणणं आधी बोलणी सुरू करा, व्याप्ती तिथे ठरवू. ही भाषणं तुम्ही शेकडो वेळा ऐकता. एखाद्या दिवशी एखाद्या देशाच्या भाषणातून एखादं विशेषण गळतं किंवा ‘आवश्यक’ऐवजी ‘इष्ट’ येतं. ती चूक आहे, नव्या मुत्सद्द्याची शैली आहे की राजधानीतला बदल, हे ठरवून चार ओळींत लिहायचं. मागची दहा वर्षांची भाषणं तुम्हाला पाठ असली पाहिजेत, तरच गळलेला शब्द दिसतो.

वर्षातला सगळ्यात कठीण काळ म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबर, जेव्हा महासभेला द्यायचा वार्षिक अहवाल ठरतो. बाहेरच्याला वाटतं, काम झालं नाही तर अहवालात लिहिणार काय आणि भांडणार कशावर? भांडण त्याच प्रश्नावर असतं. अमुक चर्चा ‘झाली’ म्हणायचं की ‘काही सदस्यांनी मतं मांडली’ म्हणायचं, अमुक मसुदा ‘सादर झाला’ की ‘विचारात घेतला गेला’. प्रत्येक परिच्छेद ६५ देशांना मान्य व्हावा लागतो. पहिला मसुदा अध्यक्षांच्या नावे निघतो, लिहिलेला बहुधा सचिवालयाने असतो. तो इतका तथ्यापुरता लिहावा लागतो की कुणाला त्यात कुणाचा हात दिसू नये. माझ्या मते एखादा अधिकारी किती मुरला आहे, ते या अहवालाच्या पहिल्या मसुद्यावरून ओळखता येतं.

आता निष्पक्षपणाबद्दल, कारण भरतीच्या मुलाखतीत ज्या सहजतेने हा शब्द वापरला जातो, तितकी ती सोपी गोष्ट नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं कलम १०० सांगतं की सचिवालयातल्या कर्मचाऱ्याने कोणत्याही सरकारकडून सूचना मागायच्या नाहीत आणि घ्यायच्याही नाहीत. २०१८ च्या मे अखेर वर्णानुक्रमाने अध्यक्षपद सीरियाकडे आलं. रासायनिक हल्ल्यांचा आरोप असलेलं सरकार, आणि ज्या परिषदेने रासायनिक अस्त्रबंदी करार घडवला तिचं अध्यक्षपद. अमेरिकेचे राजदूत निषेध म्हणून सभागृहाबाहेर गेले. २०२२ च्या मे-जूनमध्ये तेच अध्यक्षपद उत्तर कोरियाकडे होतं. त्याच वर्षी १ मार्चला रशियाच्या परराष्ट्रमंत्र्यांचं ध्वनिचित्रमुद्रित भाषण लागताच बहुसंख्य मुत्सद्दी उठून बाहेर गेले. सचिवालयाचा माणूस त्या वेळी जागेवर बसतो. टिपण तितक्याच काळजीने लिहितो, वक्त्यांची यादी तितक्याच काटेकोरपणे चालवतो. त्याला आतून काहीच वाटत नाही असं नव्हे. ज्या दिवशी तो एका अध्यक्षाला कमी प्रतीचं टिपण देईल, त्या दिवसापासून बाकी ६४ देश त्याच्या प्रत्येक सल्ल्यामागे हेतू शोधू लागतील, आणि मग तो कुणाच्याच कामाचा राहणार नाही.

हे ज्यांना मनापासून जमणार नाही त्यांनी दुसरी वाट घ्यावी, आणि ती वाट कमी प्रतीची मुळीच नाही. जिनिव्हातच रेड क्रॉसची आंतरराष्ट्रीय समिती आहे. अण्वस्त्रांविरुद्ध मोहीम चालवणाऱ्या आयकॅन या संघटनेला २०१७ चं शांततेचं नोबेल मिळालं. भूसुरुंगबंदीचा १९९७ चा करार परिषदेबाहेर झाला, तो अशाच लोकांनी सरकारांना ढकललं म्हणून. पॅले दे नास्यों या संयुक्त राष्ट्रांच्या जिनिव्हातल्या इमारतीसमोरच्या चौकातली ती मोडक्या पायाची प्रचंड लाकडी खुर्ची त्याच मोहिमेची. ज्याला ठामपणे बाजू घ्यायची आहे त्याने तिथे जावं. दोन्हीकडे पाय ठेवून उभं राहता येत नाही.

भारतीय असण्याचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो येणारच. १९९६ च्या उन्हाळ्यात चाचणीबंदी कराराच्या अखेरच्या मसुद्यावर भारताने परिषदेत सहमती रोखली. राजदूत अरुंधती घोष यांनी ती भूमिका मांडली, ती आजही अभ्यासली जाते. नंतर ऑस्ट्रेलियाने तोच मजकूर महासभेत नेला आणि १० सप्टेंबर १९९६ रोजी तो १५८ विरुद्ध ३ मतांनी मंजूर झाला. विरोधात भारत, भूतान आणि लिबिया. अण्वस्त्र प्रसारबंदी करारावरही भारताची सही नाही. त्यामुळे तुम्ही एखाद्या बैठकीत बसलात की काही जण तुमच्याकडे दिल्लीचा माणूस म्हणून पाहतील, आणि दिल्लीहून आलेले काही जण आपला माणूस म्हणून. दोघांशी वागणूक एकसारखी ठेवायची. आपल्या शिष्टमंडळातल्या मराठी अधिकाऱ्याशी जेवणाच्या वेळी मराठीत गप्पा माराव्यात, त्यात काही गैर नाही. इतर कुणाला न दाखवलेला मसुदा मात्र त्यालाही दाखवायचा नाही. भारतीय मुत्सद्द्यांनी हे चटकन ओळखलं आणि मानही राखला, असा माझा अनुभव आहे.

देशाची बाजू मांडायची असेल तर त्यासाठी भारतीय परराष्ट्र सेवा आहे. जिनिव्हात निःशस्त्रीकरण परिषदेसाठी भारताचा स्वतंत्र स्थायी दूतावास आहे. यूपीएससीतून तिथे पोचलेल्या अधिकाऱ्याच्या शब्दामागे देशाचं वजन असतं, जे सचिवालयातल्या माणसाच्या शब्दामागे कधीच नसतं. दोन्ही कामं मोठी आहेत, पण एकच माणूस दोन्हींत सारखा रमतो असं मी क्वचित पाहिलं.

आता तिसरा प्रश्न. परिषद ठप्प आहे हे खरं आहे. २९ मे २००९ रोजी अल्जीरियाच्या अध्यक्षपदाखाली परिषदेच्या कामाचा कार्यक्रम मंजूर झाला, सभागृहात आनंद झाला, आणि तो अंमलात आणायचे निर्णय अडून वर्ष संपलं. अलीकडे तर सदस्य नसलेल्या देशांना निरीक्षक म्हणून बसू देण्याच्या अर्जांवरही सहमती होत नाही. देशांनी दुसऱ्या वाटा शोधल्या: २०१७ चा अण्वस्त्रबंदी करार महासभेने बोलावलेल्या परिषदेत झाला आणि २२ जानेवारी २०२१ पासून लागू आहे.

तरीही मी हे काम पुन्हा निवडेन, आणि त्याचं कारण १९७६ सालात आहे. त्या वर्षी स्वीडनच्या पुढाकाराने, आजच्या परिषदेच्या आधीच्या मंचावर भूकंपशास्त्रज्ञांचा एक तज्ज्ञगट नेमला गेला. जमिनीखालची अणुचाचणी भूकंपलहरींवरून जगभरातून कशी ओळखता येईल, एवढाच त्यांचा विषय. चाचणीबंदीवर तेव्हा राजकीय सहमती नव्हती, पुढेही बरीच वर्षं नव्हती. सरकारं एकमेकांवर आरोप करत होती आणि हा गट वर्षानुवर्षं भेटत होता, विदा (डेटा) देवाणघेवाणीचे नमुने ठरवत होता. १९८४ आणि १९९१ मध्ये त्यांनी जागतिक पातळीवर प्रत्यक्ष चाचपणी केली, तिसरी १९९५ मध्ये सुरू झाली. १९९४ च्या जानेवारीत कराराची बोलणी अखेर सुरू झाली, तेव्हा पडताळणी कशी करायची या प्रश्नाचं उत्तर पाया धरून उभं होतं. अडीच वर्षांत मजकूर तयार झाला. त्यातून अणुचाचण्या टिपणाऱ्या ३३७ केंद्रांचं जाळं ठरलं. करार अजून लागू झालेला नाही, तरी ९ ऑक्टोबर २००६ ला उत्तर कोरियाने पहिली अणुचाचणी केली तेव्हा त्या अपुऱ्या जाळ्यानेही ती टिपली.

रासायनिक अस्त्रांचंही तसंच. ऐंशीच्या दशकात वर्षामागून वर्षं एकच मसुदा पुढे सरकत होता. अध्यक्ष बदलत, न जुळलेला मजकूर चौकोनी कंसात राही, पुढच्या वर्षी तोच कागद पुन्हा टेबलावर येई. १९९२ मध्ये जर्मनीचे राजदूत आडोल्फ फोन वागनर यांच्या अध्यक्षतेखाली कंस संपले. २९ एप्रिल १९९७ ला करार लागू झाला. भारताने आपला घोषित साठा २००९ मध्ये नष्ट केला आणि जुलै २०२३ मध्ये अमेरिकेने शेवटचं अस्त्र नष्ट केल्यावर जगातला ७२,३०४ टनांचा सगळा घोषित साठा संपला. आज महाराष्ट्राच्या औद्योगिक पट्ट्यातले रासायनिक कारखानेसुद्धा त्या कराराच्या घोषणा आणि तपासणीच्या व्यवस्थेत येतात. ऐंशीच्या दशकात तो कंसांनी भरलेला मसुदा सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांपैकी किती जणांना हे दिसलं असेल? फार थोड्यांना. पण कागद नीट सांभाळला गेला नसता, प्रत्येक कंस कुणाचा आणि का हे कुणालाच आठवत नसतं, तर शीतयुद्ध संपून दार उघडलं तेव्हा बोलणी पहिल्या पानापासून सुरू करावी लागली असती. तसं दार किती काळ उघडं राहील हे कुणाच्याच हातात नसतं. ते उघडेल तेव्हा सगळं तयार असावं, यासाठी हे काम आहे. मी यावर मनापासून विश्वास ठेवतो.

शिवाय सचिवालयाचं काम परिषदेपुरतं नसतं. जैविक अस्त्रबंदी कराराला पडताळणी यंत्रणा नाही. त्याचं छोटं साहाय्य पथक २००६ मध्ये स्थापन झालं, तेही तीन माणसांचं. माणसाशिवाय स्वतःच लक्ष्य निवडणाऱ्या स्वयंचलित शस्त्रांवरच्या तज्ज्ञगटाचे पहिले अध्यक्ष भारताचे राजदूत अमनदीप गिल होते. २०१७ च्या ऑगस्टमधली बैठक देशांनी वर्गणी थकवल्यामुळे रद्द झाली, ती नोव्हेंबरमध्ये झाली. तेव्हा हिशेब वाचायला शिका. किती देशांनी पैसे भरलेत हे पाहिल्याशिवाय बैठकीची तारीख ठरवता येत नाही.

शेवटी वाट. पदांची उतरंड पी-२ या श्रेणीपासून सुरू होते (‘पी’ म्हणजे प्रोफेशनल) आणि आकड्याबरोबर वर चढते. पदव्युत्तर पदवी असेल तर साधारण पी-२ साठी दोन, पी-३ साठी पाच, पी-४ साठी सात वर्षांचा संबंधित अनुभव मागतात. जाहिराती संयुक्त राष्ट्रांच्या भरती संकेतस्थळावर येतात. लेखी चाचणीत बहुधा एक लांब कागद देऊन त्याचा एका पानात गोषवारा किंवा महासचिवांसाठी बोलायचे मुद्दे लिहायला सांगतात. मुलाखतीत मतं विचारत नाहीत, प्रसंग विचारतात: गटात मतभेद झाले तेव्हा तुम्ही काय केलंत, मुदत पाळणं अशक्य दिसलं तेव्हा काय केलंत. खरे प्रसंग तयार ठेवा, छोटे असले तरी चालतील. तरुण व्यावसायिकांसाठीची परीक्षा बत्तीस वर्षांपर्यंत देता येते, पण तुमचा देश त्या वर्षीच्या यादीत असावा लागतो. यादी दरवर्षी बदलते, स्वतः तपासा. इंटर्नशिप बिनपगारी असते आणि जिनिव्हा अतिशय महाग शहर आहे. घरची ऐपत असलेल्यांनाच ती परवडते हे मला अन्याय्य वाटतं, आणि केवळ त्यासाठी कर्ज काढा असं मी कुणाला सांगणार नाही. निःशस्त्रीकरण फेलोशिप नावाची उत्तम योजना आहे, १९७८ च्या त्याच खास अधिवेशनातून आलेली, वर्षाला पंचवीस जणांची. पण ती सरकारांनी पाठवलेल्या तरुण अधिकाऱ्यांसाठी आहे.

काळ कठीण आहे हेही सांगितलं पाहिजे. मार्च २०२५ मध्ये महासचिवांनी यूएन-८० हा सुधारणा कार्यक्रम जाहीर केला. वर्गण्या थकल्या आहेत आणि पदं कमी होत आहेत. सुरुवात वर्षभराच्या आतल्या तात्पुरत्या करारावर होण्याचीच शक्यता जास्त. द हेगच्या रासायनिक अस्त्रबंदी संघटनेत तर धोरणानेच नोकरीला साधारण सात वर्षांची मर्यादा आहे. म्हणून फक्त या एका नोकरीवर आयुष्य बेतू नका. संशोधनसंस्था, परराष्ट्र धोरणावरची पत्रकारिता, आंतरराष्ट्रीय कायदा, रासायनिक किंवा जैविक सुरक्षेचं तांत्रिक काम, यांतलं काहीतरी हातात ठेवा. पॅले दे नास्योंमध्येच संयुक्त राष्ट्रांची निःशस्त्रीकरण संशोधन संस्था आहे. तिथे लिहिणाऱ्या तरुणांना वाव मिळतो. विज्ञानाची पार्श्वभूमी असलेल्यांना मी आवर्जून सांगेन की राज्यशास्त्रवाले खूप येतात, युरेनियम समृद्ध करणारी सेंट्रिफ्यूज यंत्रं आणि रोगजंतू समजणारे फार थोडे.

फ्रेंच शिका. जिनिव्हात ती नुसती रस्त्यावरची भाषा नाही, सचिवालयाच्या कामकाजाच्या दोन भाषांपैकी एक आहे. आफ्रिकेतल्या बऱ्याच शिष्टमंडळांशी मनमोकळं बोलणं फ्रेंचमध्येच होतं. पुण्यात ती शिकायची सोय पूर्वीपासून आहे.

आणि या सुट्टीत एक करा. परिषदेची शब्दशः इतिवृत्तं जालावर मोफत आहेत. १९९६ च्या जून ते ऑगस्टमधल्या बैठकी काढा, चाचणीबंदीच्या शेवटच्या आठवड्यांतल्या. भारताचं, नेदरलँड्सचं, चीनचं, इराणचं भाषण वाचा. मग दोन टिपणं लिहा, प्रत्येक एक पानाचं: एक दिल्लीतल्या अधिकाऱ्यासाठी, एक न्यूयॉर्कच्या सचिवालयासाठी. दुसऱ्या टिपणात कोण बरोबर होतं याबद्दल एक अक्षरही येऊ देऊ नका. ते लिहिताना कंटाळा आला तर ते आत्ताच कळलेलं बरं. गोडी लागली, तर ती दोन्ही पानं मला पाठवा, मी लाल शाईने सुधारून परत करेन.